मेथोट्रेक्सेटची भीती आणि प्रेडनिसोलोनचा लळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ५४ वर्षांची. सात महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी दीड-दोन तास मूठ वळत नाही. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान झालं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक ॲसिड आणि काही आठवड्यांपुरतं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लिहून दिलं. प्रेडनिसोलोनने तिसऱ्याच दिवशी आई आपले केस आपण विंचरू लागली. मेथोट्रेक्सेटने मात्र नुसती मळमळ. त्यात कुणीतरी सांगितलं की हे कॅन्सरचं औषध आहे, प्रतिकारशक्ती मारतं. मग मेथोट्रेक्सेट बंद करून प्रेडनिसोलोनच चालू ठेवलं तर काय बिघडलं? शिवाय विचारणारी मुलगी स्वतः गरोदर आहे आणि आईच्या गोळ्या तीच काढून देते. ते चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. पहिल्याचं आधी: बिघडेल, बरंच बिघडेल.

गेली वीस-बावीस वर्षं मी संधिवाताचे रुग्ण तपासतेय आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ रोज ऐकते. माणसं चुकीच्या गोळीला घाबरतात. जिने तीन दिवसांत बरं वाटतं तिचा लळा लागतो आणि जिला गुण दाखवायला दोन-तीन महिने लागतात तिच्यावर सगळा संशय. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. नीट घेतलेल्या, रक्त तपासत घेतलेल्या मेथोट्रेक्सेटमुळे कायमचं नुकसान झालेले माझे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. आपल्या मनाने वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टिरॉइडमुळे खचलेले मणके, मोतीबिंदू आणि वाढलेली साखर मात्र मी मोजायचीच सोडून दिली.

एक बाई आठवतात. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवली होती, दर महिन्याला ती दाखवून प्रेडनिसोलोन घ्यायच्या. मूळ चिठ्ठीत 'तीन आठवडे, मग कमी करत बंद' असं लिहिलेलं होतं, पण लॅमिनेशनच्या घडीखाली नेमकी ती ओळ पुसट झाली होती. चेहरा गोल झालेला, हातावर जागोजागी जांभळे डाग, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. माझ्याकडे आल्या त्या सांध्यांसाठी नाहीच. पायरी उतरताना पाय नुसता जोरात टेकला आणि कंबरेत कळ आली म्हणून. एक्स-रेमध्ये दोन मणके चेपलेले. "पण डॉक्टर, या गोळीने मला कधी त्रास झाला नाही हो," हे त्यांचं वाक्य. खरंच होतं ते. हाड झिजताना दुखत नाही.

हा लळा जुना आहे आणि डॉक्टरांनाही लागला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली. अंथरुणात कूस बदलता न येणारी ती रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. आमवात संपला असंच सगळ्यांना वाटलं. मग मोठ्या मात्रेचे परिणाम दिसू लागले आणि औषध थांबवताच आजार तितक्याच जोमाने परत येतो हेही कळलं. आज आम्ही स्टिरॉइड वापरतो ते पुलासारखं: मुख्य औषध कामाला लागेपर्यंतचे आठवडे पार करायला. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा आजार) मूत्रपिंडावर हल्ला झाला असेल किंवा रक्तवाहिन्यांच्या दाहात फुप्फुसातून रक्त येत असेल तर हेच स्टिरॉइड शिरेतून, मोठ्या मात्रेत देऊन जीव वाचतो, यात वाद नाही. घात होतो तो पुलावरच बिऱ्हाड थाटल्याने.

आता 'प्रतिकारशक्ती मारतं' याबद्दल. आमवातात आईच्या सांध्यांच्या आतलं अस्तर, जे निरोगी सांध्यात कागदासारखं पातळ असतं, ते फुगून जाड झालंय. त्यात पांढऱ्या पेशी येऊन ठाण मांडून बसल्यात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतायत. त्या रसायनांमुळे सकाळी बोटं ताठतात आणि त्याच रसायनांमुळे कडेचं हाड कुरतडलं जातं. हे कुरतडणं बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं आणि एकदा झालेली झीज कोणतंही औषध भरून काढत नाही. म्हणून सात महिने हा माझ्या लेखी 'अजून थांबून बघू' म्हणायचा काळ नाही. वर, दाह फक्त सांध्यात राहत नाही. वर्षानुवर्षं चालू राहिलेला आमवात हृदयविकाराचा धोका वाढवतो, फुप्फुसांनाही लागू शकतो. आणि आवरता न आलेला आमवात स्वतःच जंतुसंसर्गाचा धोका वाढवतो, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

तेव्हा आईची प्रतिकारशक्ती 'कमी' किंवा 'जास्त' झालेली नाही, ती भरकटली आहे. 'इम्युनिटी वाढवणारं' काहीही अशा वेळी देऊ नये, हे जाता जाता सांगून ठेवते. लेबल नसलेल्या, 'सांधेदुखीवर दोन दिवसांत गुण' देणाऱ्या पुड्या तर मुळीच नकोत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. दोन दिवसांत गुण आला की मला आनंदाआधी शंका येते.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हा एकच डबा नाही. एका टोकाला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. मुळात मलेरियाचं औषध. ते भरकटलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करतं, पण संसर्गाचा धोका म्हणावा तसा वाढवत नाही. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ते द्यावं आणि सहसा बंद करू नये, असं माझं मत. मात्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत, सुरुवातीला डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासून. दुसऱ्या टोकाला सायक्लोफॉस्फमाइड. हे रासायनिक युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या नात्यातलं औषध, त्यामुळे नाव ऐकूनच लोक दचकतात. पण रक्तवाहिन्यांच्या दाहाचे काही प्रकार असे होते की निदानानंतर बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत; १९७० च्या दशकात अमेरिकन डॉक्टर अँथनी फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिरॉइडसोबत हे औषध वापरून दाखवलं आणि तोच आजार बहुतेकांच्या आवाक्यात आला. आज तेही शक्य तितके कमी महिने देतो, बऱ्याच ठिकाणी त्याची जागा रिटुक्सिमॅब या नव्या इंजेक्शनने घेतली आहे. या दोन टोकांच्या मध्ये बाकीची मंडळी. तुमच्या आईचं मेथोट्रेक्सेट हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनच्या बाजूला जास्त जवळ आहे.

ते कॅन्सरचंही औषध आहे, खरं आहे. पण काही कर्करोगांत ते एका वेळी हजारो मिलिग्रॅम शिरेतून देतात. आईला आठवड्याला १५ आहे, आणि आम्ही सहसा २५ च्या वर जात नाही. इतक्या कमी मात्रेत ते पेशी मारत सुटत नाही. दाहाच्या जागी ॲडेनोसिन नावाचं शांतवणारं रसायन वाढवणं, हा त्याच्या गुणाचा मोठा भाग मानला जातो. त्याच कुळातलं ॲमिनोप्टेरिन १९५१ मध्येच आमवातात वापरून पाहिलं होतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष कॉर्टिसोनकडे. १९८५ च्या सुमारास नीट चाचण्या झाल्या, १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून नवनवी औषधं येऊनही उपचाराची सुरुवात आजही बहुधा याच पिवळ्या गोळीने होते.

या गोळीचा खरा धोका तिच्या रसायनापेक्षा कॅलेंडरमध्ये आहे. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. ओठांपासून घशापर्यंत तोंड सोललेलं, पाणीही गिळवत नव्हतं. मुलाने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. सलग दहा गोळ्या संपलेल्या. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' स्वच्छ लिहिलेलं होतं, पण औषध देताना कुणीतरी पाकिटावर सवयीने पेनाने '१-०-०' लिहिलं होतं, आणि सरांनी शिस्तीत रोज सकाळी एक घेतली. पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली. उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं, वॉर्डात अकरा दिवस, वाचले. सगळेच वाचत नाहीत. त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर वाराचं नाव लिहिते आणि रुग्णाकडून ते मोठ्याने वदवून घेते. तुम्हीही आईचा वार ठरवा, पाकिटावर लिहा, बाकीच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात हे पाकीट ठेवू नका. आणि २.५ व १० मिलिग्रॅमच्या गोळ्या एकाच वेळी घरात असू देऊ नका, दिसायला त्या सारख्या असू शकतात. एखाद्या आठवड्याला वार चुकला तर एक-दोन दिवस उशिरा घेतलेली चालते. पुढच्या आठवड्यात दुप्पट कधीच नाही.

मळमळीचं काय करायचं? आधी फॉलिक ॲसिड खरोखर घेतलं जातंय का ते बघा. निम्म्या वेळा गडबड तिथेच असते, कारण लोकांना ती 'नुसती ताकदीची गोळी' वाटते. मग मेथोट्रेक्सेट रात्री जेवणानंतर घेऊन बघा, म्हणजे मळमळीचा वेळ झोपेत जातो. तरी भागलं नाही तर डॉक्टर त्याच दिवशी मात्रा दोन भागांत विभागून देतील, किंवा तेच औषध आठवड्यातून एकदा कातडीखालच्या इंजेक्शनने. माझ्या अनेक रुग्णांना गोळी सोसली नाही पण इंजेक्शन सोसलं. 'मला मेथोट्रेक्सेट चालत नाही' हा शिक्का मारण्याआधी एवढं करून बघायलाच हवं. दुसऱ्या दिवशी थोडं गळून गेल्यासारखं वाटतं, त्याने नुकसान होत नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री घेणारे पुष्कळ जण आहेत.

रक्ततपासणी हा उपचाराचाच भाग. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. मग सीबीसी (रक्तपेशींसाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, सगळं स्थिर असेल तर पुढे साधारण तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन का, असं लोक विचारतात. कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. जुलाब-उलट्या होऊन शरीर कोरडं पडलं तर तेच १५ मिलिग्रॅम शरीरात साचतं आणि जास्त मात्रेसारखं वागतं. म्हणून अशा आठवड्यात ती मात्रा चुकवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. दारू यकृताच्या दृष्टीने वाईट जोडीदार. आणि एक नाव पाठ करून ठेवा: को-ट्रायमोक्साझोल. लघवीच्या संसर्गाला सर्रास दिलं जाणारं हे सल्फाचं अँटिबायोटिक मेथोट्रेक्सेटसोबत घेतलं तर अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज, कोसळू शकते. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य 'मी मेथोट्रेक्सेटवर आहे' हेच असू द्या. नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला आणि धाप, तोंडात फोड, विनाकारण निळे-जांभळे डाग, थंडी वाजून ताप: यांतलं काहीही झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दाखवायचं. फोनवर विचारून भागणाऱ्यांतली ही लक्षणं नव्हेत.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात, कारण पुढे त्यांची नावं कानावर येतील. सल्फासालाझिन आणि लेफ्लुनोमाइड ही आमवातातली जोडीची किंवा पर्यायी औषधं. अझाथायोप्रिन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलं, दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते ल्युपससारख्या आजारांत जास्त वापरतात. काहींच्या जनुकांमुळे हे औषध शरीरात नीट मोडलं जात नाही, त्यांच्या रक्तातल्या पेशी झपाट्याने घसरतात. सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस पुंजक्यांनी गळायला लागले तर शांपू बदलायचा नाही, रक्त तपासायचं. यूरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट त्याच्याबरोबर दिलं जाऊ नये. मायकोफेनोलेट हे ल्युपसमधल्या मूत्रपिंडाच्या आजाराचं मुख्य औषध. त्याचं मूळ रसायन इटालियन संशोधक गोसिओ यांनी १८९३ मध्ये बुरशीतून वेगळं केलं होतं, मग ते कित्येक दशकं पडूनच राहिलं.

बायोलॉजिकचा (जिवंत पेशींत बनवलेल्या, दाहातलं एखादंच रसायन किंवा पेशी नेमकी अडवणाऱ्या औषधांचा) विषय मोठा आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडनमध्ये रवींदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं प्रतिपिंड दिलं आणि या आजाराचं चित्र पालटलं. पण तोच टीएनएफ फुप्फुसात झोपलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती भिंत धरून उभा असतो. भिंत काढली की जंतू बाहेर. औषध बाजारात आल्यावर २००१ पर्यंत क्षय जागा झाल्याची अनेक प्रकरणं नोंदली गेली, आणि तेव्हापासून बायोलॉजिकआधी सुप्त क्षयाची तपासणी पक्की झाली. ती पॉझिटिव्ह आली तर औषध नाकारलं जात नाही. आधी क्षयाच्या प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करून महिनाभराने बायोलॉजिक देता येतं. आमवातातल्या टोफॅसिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांनाही हाच नियम. शिवाय त्यांच्यामुळे नागीण जास्त होते, आणि पासष्टी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांत मी त्या सहजासहजी लिहीत नाही.

साध्या सर्दीने आई आडवी होईल का? नाही. मेथोट्रेक्सेटवरची माणसं सर्दी-पडशातून इतरांसारखीच बरी होतात. ताप मोठा असेल, अँटिबायोटिक लागलं, तर बरं होईपर्यंत मेथोट्रेक्सेट थांबवतो. एक-दोन आठवडे चुकल्याने आजार उसळत नाही. संसर्गाचा धोका चढतो तो स्टिरॉइडच्या मात्रेबरोबर, म्हणजे तुम्ही जी गोळी चालू ठेवायला निघाला आहात तिच्याबरोबर. फ्लू आणि न्यूमोनियाच्या इंजेक्शनच्या लशी आईला जरूर द्या, त्या जिवंत जंतूंच्या नसतात. फ्लूच्या लशीनंतर आजार शांत असेल तर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं की लस चांगली लागू पडते. नागिणीची जिवंत नसलेली लस मिळते, तीही विचारा. जिवंत लशी मात्र विचारल्याशिवाय नाहीत.

प्रेडनिसोलोन एकदम टाकून देऊ नका, हेही तितकंच महत्त्वाचं. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलं की शरीरातल्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंद करतात. अचानक थांबवलं तर रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांनी दिलेल्या पायऱ्यांनीच उतरा. उतरताना बोटं पुन्हा ताठू लागली तर घरच्या घरी मात्रा वाढवू नका. त्याचा अर्थ मेथोट्रेक्सेट अजून पुरेसं लागू पडलेलं नाही, आणि ते वाढवायचं की दुसरं जोडायचं हा निर्णय डॉक्टरांचा. घेताय तोवर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, साखर आणि रक्तदाब यांच्याकडे लक्ष ठेवा. वय ५४ आहे, पाळी बहुधा गेली असेल. हाडांची घनता मोजून घ्यायला सांगा.

किती दिवस? बहुतेकांना वर्षं. आजार सहा महिने ते वर्षभर अगदी शांत राहिला तर मात्रा हळूहळू कमी करता येते. पूर्ण बंद केलं तर बऱ्याच जणांचा आजार परत उसळतो, म्हणून मी सहसा कमी करते, बंद करायची घाई करत नाही.

आता तुमचं. गरोदरपणात पोटात जाऊ नयेत अशा औषधांत मेथोट्रेक्सेट वरच्या रांगेत आहे, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड आणि सायक्लोफॉस्फमाइडही तिथेच. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, सल्फासालाझिन, अझाथायोप्रिन ही औषधं मात्र असे आजार असलेल्या गरोदर स्त्रियांना देतातसुद्धा. पण तुम्ही गोळी घेत नाही, फक्त पाकिटाला हात लावता, तेवढ्याने बाळाला काही होत नाही. गोळी तोडू नका, कुटू नका, फुटलेली असेल तर दुसऱ्या कुणाला उचलू द्या. इंजेक्शन सुरू झालं तर ते देणं आणि सांडलेलं पुसणं तुमच्याकडे नको. खरं तर गोळी आईलाच काढू द्या. आज पाकिटाचा चंदेरी कागद तिच्या अंगठ्याने फाटत नसेल. दोन-तीन महिन्यांनी फाटायला लागला तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते नक्की सांगा. माझ्यासारखीला ईएसआरच्या (रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासणीच्या) आकड्याइतकंच ते उपयोगी पडतं.